गप्प बसण्याला संस्कार म्हणू नका

आपल्या लोकांना तक्रार करता येत नाही असं कुणी म्हणालं तर मला हसू येतं. नोव्हायमधल्या कुठल्याही मराठी घरी शनिवारच्या पॉटलकला जाऊन बसा. दोन वर्षं वापरलेली गादी कॉस्टकोने कशी निमूट परत घेतली, ही कथा मसालेभाताइतक्याच प्रेमानं वाढली जाते. फोन कंपनीने बिलात आठ डॉलर जास्त लावले म्हणून पाऊण तास होल्डवर थांबून ‘तुमच्या सुपरवायझरला द्या’ म्हणणारे काका तिथे असतात. मुलाला गणिताचा वरचा वर्ग मिळाला नाही म्हणून शाळेला तीन ईमेल लिहिणाऱ्या ताई असतात. आम्ही भांडतो, मुद्देसूद भांडतो आणि बहुतेक वेळा जिंकतोही.

त्याच काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. बेल दाबून तासभर कुणी आलं नाही, मग टाके सांभाळत ते एकटेच बाथरूमपर्यंत गेले. हे ते हसत हसत सांगतात. त्याच ताईंच्या सासूबाई रात्रभर ओल्या चादरीवर झोपल्या. कुणाला सांगितलंत का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘छे, उगाच कशाला वाईटपणा घ्यायचा!’ आठ डॉलरसाठी सुपरवायझर मागणारा माणूस स्वतःच्या शरीरासाठी कुणालाच मागत नाही. वर या गप्प बसण्याला आपण फार गोड नावं दिली आहेत. समजूतदारपणा, ॲडजस्ट करणं, संस्कार. माझ्या मते ही निव्वळ भीड आहे. भीड ही भिकेची बहीण असते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. रुग्णालयात ती त्याहून वाईट नात्यांची असू शकते.

रुग्णालयात आपण डॉक्टरांना भेटायला जातो असं आपल्याला वाटत असतं. प्रत्यक्षात डॉक्टर दिवसातून काही मिनिटं खाटेपाशी येतात. उरलेला सगळा वेळ रुग्ण नर्सच्या हवाली असतो. वेदना वाढली, लघवी कमी झाली, जखमेभोवती लाली आली, बोलणं बरळल्यासारखं झालं, हे सगळं आधी तिला दिसतं आणि तिच्याकडून डॉक्टरांना कळतं. तिने पाहिलं नाही तर त्या खोलीत पाहणारा दुसरा कुणी नसतो. पाहणारे असतात ते फक्त रुग्ण आणि त्याचे नातेवाईक. म्हणून नर्सिंगमधली हयगय ही हॉटेलात चहा गार मिळण्यासारखी गोष्ट नव्हे. कूस न बदलल्याने बेडसोर होतात. बेलला उत्तर न मिळाल्याने म्हातारी माणसं एकटी उठतात, पडतात आणि खुब्याचं हाड मोडून घेतात.

या देशात रुग्णसुरक्षेबद्दल बोलताना एक नाव हमखास घेतलं जातं, जोसी किंग. अठरा महिन्यांची मुलगी. २००१च्या जानेवारीत गरम पाण्याने भाजली म्हणून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये दाखल झाली. जगातल्या नामांकित रुग्णालयांपैकी एक. ती बरी होत होती, घरी जायचे दिवस जवळ आले होते. तिच्या आईला, सोरेल किंग यांना दिसत होतं की पोर तहानेने व्याकूळ आहे, ओलं फडकं चोखते आहे. त्यांनी सांगितलं. सगळं ठीक आहे, अशी त्यांची समजूत घालण्यात आली. पुढे मेथाडोन द्यायला नर्स आली तेव्हाही आईने हरकत घेतली होती. औषध दिलं गेलं. २२ फेब्रुवारी २००१ रोजी जोसी गेली. कारणं होती शरीरातलं पाणी कमी होणं आणि चुकीच्या वेळी दिलेलं औषध. या आईने नुकसानभरपाईतला काही पैसा त्याच रुग्णालयाला सुरक्षेच्या कामासाठी दिला. पुढे २००५मध्ये पिट्सबर्गच्या यूपीएमसी शेडीसाइड रुग्णालयात ‘कंडिशन एच’ सुरू झालं. रुग्णाला किंवा नातेवाइकाला धोका वाटला तर त्याने स्वतः फोन करून तातडीचं पथक बोलवायचं. अशी सोय आज इथल्या अनेक रुग्णालयांत आहे. खोलीतल्या फलकावर नंबर लिहिलेला असतो. आपण तो वाचतो आणि तो आपल्यासाठी नाही असं गृहीत धरतो.

या गप्प बसण्याच्या बाजूने मी चार युक्तिवाद पुन्हा पुन्हा ऐकले आहेत. चारही तपासून पाहू.

पहिला: ‘त्यांना राग आला तर आपल्याकडे बघणारच नाहीत.’ हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात खरा वाटणारा. माझं सिझेरियन झालं तेव्हा हाच युक्तिवाद माझ्या उशाशी बसला होता. दुसऱ्या रात्री वेदनेचं औषध दोन तास उशिरा झालं होतं. बाथरूमला जायला आधार हवा म्हणून मी तीनदा बेल दाबली. एकदा सहायिका आली, बेल बंद केली, ‘नर्सला सांगते’ म्हणाली आणि गेली. सांगलीहून बाळंतपणासाठी आलेली माझी आई खालच्या आवाजात म्हणत होती, ‘अगं, राहू दे. त्या चिडल्या तर उद्या बाळाकडे लक्ष देतील का?’ हे ऐकून माझं अंग शहारलं. आपण ज्यांच्या हवाली बाळ करतो आहोत त्या सूड उगवतील असं मनोमन मानतो आणि तरीही त्यांच्याविषयी ‘आदर’ म्हणून गप्प बसतो. हा कसला आदर? अडला हरी गाढवाचे पाय धरतो, तसलाच हा प्रकार झाला. मी चार्ज नर्सला बोलावलं. वेळा सांगितल्या: औषध कधी मिळायला हवं होतं, बेल कधी दाबली. आवाज चढवला नाही. दहा मिनिटांत औषध आलं. त्या रात्री एक नर्स आजारी होती आणि माझ्या नर्सकडे पाच बाळंतिणी, पाच बाळं होती, हेही तेव्हाच कळलं. उरलेल्या दोन दिवसांत कुणी माझ्यावर किंवा बाळावर डूख धरला नाही. त्या रुग्णालयाचं नाव इथे देत नाही, कारण मुद्दा त्या एका इमारतीचा नाही.

कुणी म्हणेल, तुझं नशीब चांगलं. शक्य आहे. म्हणून नशिबावर न सोडता कायदा पाहू. मिशिगनच्या १९७८च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात रुग्णांच्या हक्कांचं एक कलम आहे. रुग्ण स्वतःसाठी किंवा दुसऱ्यासाठी कर्मचाऱ्यांकडे, सरकारी अधिकाऱ्यांकडे किंवा रुग्णालयाबाहेरच्या व्यक्तीकडेही गाऱ्हाणं मांडू शकतो आणि त्यासाठी त्याच्यावर दबाव, भेदभाव किंवा सूडाची कारवाई होता कामा नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. हे हक्क रुग्णालयाने दर्शनी जागी लावायचे असतात. दाखल होताना हातात पडणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात तेही असतात. आपण घराच्या कर्जाचे साठ पानी कागद वाचतो, हे चार परिच्छेद वाचत नाही.

दुसरा युक्तिवाद मनाला जास्त भिडतो: ‘त्या बिचाऱ्या किती दमलेल्या असतात.’ असतात. हे मी अजिबात नाकारत नाही. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांचा अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध केला. नर्सकडे एकेक रुग्ण वाढत गेला तसतशी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता दर वाढीव रुग्णामागे सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्नियाने एका नर्सकडे जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत याचा कायदा १९९९मध्ये केला आणि २००४पासून तो अमलात आणला. मिशिगनमध्ये असा कायदा नाही. विधेयकं येतात आणि अडकून राहतात. नोव्हायपासून तासाभराच्या आत असलेल्या ग्रँड ब्लँकच्या रुग्णालयात २०२५च्या सप्टेंबरमध्ये नर्सेस संपावर गेल्या, त्यांच्या भांडणाच्या मुळाशीही हाच प्रश्न होता.

मग मला सांगा, आपल्या गप्प बसण्याने यातल्या कुठल्या नर्सचं ओझं हलकं झालं? वॉर्डात माणसं कमी आहेत हे नर्सने सांगितलं तर व्यवस्थापन त्याला पगारवाढीचं कारस्थान म्हणू शकतं. ‘रात्री अडीच ते साडेतीन बेलला उत्तर मिळालं नाही’ हे रुग्णाने लेखी दिलं तर तसं म्हणता येत नाही. आपली नेमकी तक्रार ही त्या नर्सच्या बाजूची साक्ष ठरू शकते. आपण गप्प बसतो तेव्हा त्या वॉर्डाच्या कागदांवर सारं आलबेल असतं आणि पुढच्या महिन्याचं वेळापत्रक तितक्याच माणसांत बसवलं जातं. दमलेल्या नर्सची कणव येत असेल तर गप्प बसून तिचं काहीच भलं होत नाही. शिवाय प्रत्येक हयगय दमणुकीतून येते असंही नाही. काही जणी खरोखर उर्मट असतात, काही जणी बेफिकीर, जसे प्रत्येक व्यवसायात असतात. माझ्याही व्यवसायात आहेत.

तिसरा युक्तिवाद: ‘आपण परके. व्हिसावर आहोत, आई-बाबांचा तर व्हिजिटर इन्शुरन्स. नसती भानगड नको.’ हा माझ्यासारख्या पोस्टडॉक मंडळींच्या फार ओळखीचा. दर वर्षी कागद नव्याने करणाऱ्या माणसाला कुठल्याही कार्यालयात स्वतःचं नाव नोंदवायची धास्ती वाटते. पण वर सांगितलेलं मिशिगनचं कलमच म्हणतं की वंश, धर्म, राष्ट्रीय मूळ किंवा पैसे कुणाकडून येतात यावरून रुग्णाला योग्य उपचार नाकारता येणार नाहीत. नर्सने वेळेवर औषध दिलं का, या प्रश्नाचा तुमच्या व्हिसाशी काही संबंध नाही.

परकेपणाचा खरा त्रास होतो तो भाषेचा आणि तो आपल्या आई-वडिलांना होतो. ‘तिडीक येते’, ‘कळ मारते’, ‘ठणकतं’, ‘जीव घाबरा होतो’ हे सगळं सांगायचं असतं आणि तोंडातून निघतं ते ‘पेन’ किंवा ‘ओके, ओके’. नर्स ‘आजी छान आहेत’ अशी नोंद करून जाते. अफोर्डेबल केअर ॲक्टच्या कलम १५५७ नुसार केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयाने इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाला पात्र दुभाषा विनामूल्य द्यायचा असतो. लहान मुलांना दुभाष्याच्या कामाला लावायला, आणीबाणीचा प्रसंग सोडला तर, मनाई आहे. तरीही आजीच्या पोटदुखीचं भाषांतर बारा वर्षांचा नातू करतो आहे, हे दृश्य आपल्याकडे कौतुकाने सांगितलं जातं. आजी नातवासमोर अर्धी लक्षणं सांगणारच नाही, हे कुणाच्या मनात येत नाही. फोनवर किंवा पडद्यावर मराठी दुभाषा मागा. मिळायला वेळ लागला तर किती लागला ते लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट. रुग्णालयातून सुटलेल्या काही रुग्णांना एचकॅप्स नावाचं सर्वेक्षण येतं. नर्सनी नीट ऐकून घेतलं का, आदराने वागवलं का, समजेल असं सांगितलं का, असे प्रश्न त्यात असतात. त्याचे निकाल २००८पासून जाहीर होतात आणि मेडिकेअरच्या पैशांचा काही भाग त्यावर ठरतो. हे सर्वेक्षण इंग्रजी, स्पॅनिश, चिनी, रशियन, व्हिएतनामी, पोर्तुगीज, जर्मन, टॅगालॉग आणि अरबी भाषेत निघतं. भारतातली एकही भाषा त्यात नाही. म्हणजे आपल्या आईला कशी वागणूक मिळाली हे त्या आकड्यांत बहुधा उमटतच नाही. ज्यांना कुणी विचारत नाही त्यांनी आपणहून सांगायला हवं, आणि नेमके तेच सर्वांत जास्त गप्प आहेत.

चौथा युक्तिवाद: ‘दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.’ मार्था मिल्स नावाची तेरा वर्षांची मुलगी सायकलवरून पडली, स्वादुपिंडाला इजा झाली आणि २०२१च्या ऑगस्टअखेरीस संसर्गाने गेली. तिची आई मेरोप मिल्स ‘गार्डियन’मध्ये संपादक. बोलण्या-लिहिण्यावरच पोट असलेली बाई. मुलीची तब्येत बिघडते आहे हे तिला दिसत होतं, तिने ते बोलूनही दाखवलं, पण दिलेल्या दिलाशावर विश्वास ठेवावा लागला. त्यानंतर तिने लावून धरलेल्या मोहिमेतून इंग्लंडच्या रुग्णालयांत २०२४पासून ‘मार्थाज रूल’ सुरू झाला: कुटुंबाला शंका असेल तर दुसऱ्या पथकाकडून तातडीने तपासणी मागता येते. मार्थाच्या बाबतीत प्रश्न केवळ नर्सचा नव्हता, मोठ्या डॉक्टरांचाही होता. पण धडा तोच आहे. तुमचं शिक्षण, तुमची डॉक्टरेट, तुमचं उत्तम इंग्रजी खाटेपाशी आपोआप उपयोगी पडत नाही. दोन दिवसांत बरंच काही होतं.

इथल्या सीडीसीने २०२३मध्ये आई झालेल्या सुमारे २४०० स्त्रियांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. प्रसूतीच्या काळात ४५ टक्के स्त्रियांनी प्रश्न विचारणं किंवा काळजी बोलून दाखवणं टाळलं होतं. कारणं पाहा: हे नॉर्मलच असेल असं वाटलं, उगाच बाऊ नको, घरच्यांनी-मैत्रिणींनी ‘असं होतंच’ म्हणून सांगितलं, कटकटी समजतील अशी भीती. ‘उगाच कशाला’ हा आजार फक्त आपलाच नाही, हे वाचून थोडा धीर येतो. आपण मात्र त्याची आरती करतो.

या सगळ्याच्या मुळाशी काय आहे? आपण ज्या व्यवस्थेत वाढलो तिथे तक्रार नावाची मधली पायरीच फार पातळ आहे. सरकारी दवाखान्यात सिस्टर ओरडली तर ऐकून घ्यायचं. खाजगीत ओळखीच्या डॉक्टरला फोन करून ‘जरा लक्ष द्या’ म्हणायचं. आणि माणूस दगावलाच तर काचा फोडायच्या. महाराष्ट्राला डॉक्टर-नर्सेसवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१०मध्ये वेगळा कायदा करावा लागला, तो उगाच नाही. मुकाट सोसणं आणि तोडफोड यांच्यामध्ये शांतपणे, नावानिशी, तारीख-वेळ घालून तक्रार करणं असतं. भारताच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८मध्ये रुग्णहक्कांची सनद मांडली, तिच्यात गाऱ्हाणं ऐकलं जाण्याचा हक्क आहे. म्हणजे ती पायरी तिथेही बांधली जाते आहे. इथे ती बांधून तयार आहे आणि आपण तिला वळसा घालून जातो. काचा फोडत नाही, एवढीच प्रगती. त्याऐवजी महिन्याने व्हॉट्सॲपवर ‘त्या हॉस्पिटलमध्ये चुकूनही जाऊ नका’ असा संदेश टाकतो. ज्या एका माणसाच्या हातात काही बदलणं होतं त्याला सोडून आपण सगळ्यांना सांगतो.

ती पायरी कशी चढायची, तेही सांगते. आधी समोरच्या नर्सलाच, नेमकं सांगा. ‘तुम्ही लक्ष देत नाही’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘औषध दहाला होतं, आता बारा वाजलेत, वेदना दहापैकी आठ आहे’ हे वाक्य कामाचं आहे. भागलं नाही तर चार्ज नर्स, मग नर्स मॅनेजर किंवा रात्री हाउस सुपरवायझर. त्यानंतर पेशंट ॲडव्होकेट. जिवाला धोका वाटला तर या रांगेत थांबू नका, तातडीच्या पथकाचा नंबर फिरवा. रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणात तीन वाक्यं शिकवतात: ‘आय ॲम कन्सर्न्ड’, ‘आय ॲम अनकम्फर्टेबल’, ‘धिस इज अ सेफ्टी इश्यू’. तीच आपणही वापरावीत. त्यांना त्या शब्दांचं वजन माहीत असतं.

आणि लिहून द्या. मेडिकेअरच्या नियमांप्रमाणे गाऱ्हाणं कुणाकडे मांडायचं हे रुग्णालयाने रुग्णाला सांगायचं असतं आणि त्याचं लेखी उत्तर द्यायचं असतं: चौकशीत काय केलं, काय निष्पन्न झालं, कधी संपली, कुणाशी बोलायचं. तोंडी तक्रार जागच्या जागी मिटली तर तिथेच संपते. लेखी तक्रार, ईमेलसुद्धा, रीतसर गाऱ्हाणं म्हणूनच धरावी लागते. त्यानेही भागलं नाही तर राज्याचा परवाना विभाग, लारा, आहे. चांगल्या नर्सचं नावही त्याच पत्रात लिहा. हे मी सौजन्य म्हणून सांगत नाही. कोणत्या पाळीत काय नीट चाललं तेही त्यामुळे नोंदीत येतं.

एक प्रामाणिक आक्षेप उरतो. बोलणाऱ्याला किंमत मोजावी लागते. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या रुग्णालयातली दुर्दशा चव्हाट्यावर आणणाऱ्या ज्युली बेली यांना गावकऱ्यांच्या रोषामुळे गाव सोडावं लागलं. २०१३च्या सरकारी चौकशी अहवालाने मात्र त्यांचंच म्हणणं खरं ठरवलं. एकटं बोलणं खरंच जड असतं. त्यात आजारी माणसाच्या अंगात त्राण नसतं. म्हणून हे काम रुग्णाचं एकट्याचं नव्हे, आपलं आहे.

आपली मंडळं गणपती बसवतात, नाटकं आणतात, दिवाळी पहाटेला गायक बोलावतात. कुणी आजारी पडलं की डब्यांचं वेळापत्रक अर्ध्या तासात भरतं. त्या वेळापत्रकात एक रकाना वाढवा: आज रात्री खोलीत कोण बसणार. वरणभात पोचवून ‘काळजी घ्या’ म्हणत निघण्यापेक्षा, वही घेऊन खुर्चीवर बसणारा आणि वेळ आली की उठून चार्ज नर्सकडे जाणारा एक माणूस जास्त मोलाचा आहे. आपल्यात नर्स आणि डॉक्टर असलेले कितीतरी जण आहेत. त्यांना एखाद्या रविवारी तासभर बोलवा आणि कुणाला, कसं सांगायचं हे त्यांच्याच तोंडून ऐका. यंदा उन्हाळ्यात ज्यांचे आई-वडील येणार आहेत त्यांनी विमानाच्या तिकिटासोबत मराठीत एक चिठ्ठीही तयार ठेवा: ‘दुखलं तर सांगायचं. बेल दाबायची. पुन्हा दाबायची.’